हॉप्सचा वेल मी उपटणार नाही

सावडण्याच्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. शेजाऱ्यांनी दूध आणून दिलं होतं, ते ठेवायला जागा हवी म्हणून शालननं फ्रिज उघडला आणि खालच्या कप्प्यातली भाजी बाहेर काढायला घेतली. कोथिंबीर, मिरच्या, अर्धा कोबी, आणि सगळ्याच्या तळाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं तुमचं गाठोडं. तिनं ते सोडून बघितलं. आत ती मुळं होती, जाड सुतळीसारखी, तपकिरी, मधूनमधून पांढरे डोळे असलेली. तिनं मला विचारलं, हे वाळकं काय ठेवलंय, टाकून देऊ का?

त्या दोन दिवसांत मला कोण काय विचारत होतं आणि मी काय उत्तर देत होते, यातलं फारसं काही आठवत नाही. एवढं मात्र स्वच्छ आठवतं. मी म्हटलं, "राहू दे. वरनं थोडं पाणी शिंपड आणि होतं तिथंच ठेव."

तुम्ही गेल्यावर मी घेतलेला तो पहिला निर्णय. आणि तोही कशाबद्दल, तर ज्या मुळांवरून मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडत आले त्यांच्याबद्दल. शालनला त्यांचं नाव कळलं असतं तर तिनं त्यांना हात लावला असता का, कुणास ठाऊक. तिचा नवरा दारूनं गेला. गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडायला आम्ही बायका पहिल्यांदा रस्त्यावर बसलो तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती, आणि आमचं मंडळ झाल्यापासून ती माझ्या शेजारचीच आहे. फ्रिजमधली मुळं होती हॉप्सची. त्या वेलाच्या फुलांनी बिअरला कडूपणा येतो. दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या फ्रिजात, मेथी-कोथिंबिरीच्या खाली. हे फक्त तुम्हालाच सुचू शकत होतं.

निवृत्तीनंतर लोक बायकोला काशीला नेतात, नाहीतर तिरुपतीला. तुम्ही मला तुमच्या फौजेतल्या जुन्या पोस्टिंगवर नेलंत. पार हिमाचलातल्या लाहौलला, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातनं पलीकडं. पिकं निघून गेलेली होती, झाडांची पानं पिवळी पडली होती आणि मला तिथली थंडी अंगावर दोन स्वेटर घालूनही सोसत नव्हती. हिवाळ्यात ज्यांच्या चुलीपाशी तुम्ही बसायचात त्या घरातला म्हातारा अजून होता. त्यानं तुम्हाला ओळखलं नाही, पण जेवू घातलं. जेवणानंतर तो आपल्या वावरात गेला आणि आपण त्याच्यामागं. तिथं उंच खांबांवर वाळलेले वेल लोंबत होते. त्याला आता तिथं कोबी लावायचा होता, म्हणून तो मुळं उकरून बांधावर फेकत होता. तुम्ही खाली बसलात आणि दोन्ही हातांनी ती गोळा करायला लागलात. मी विचारलं, हे कशाचं आहे. तुम्ही म्हणालात, फुलाचं.

परतीच्या रेल्वेत ते गाठोडं आपल्या सीटखाली होतं. तुम्हाला झोप लागली की मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडायचे, कारण फुलाचं म्हटल्यावर मला ते जगायला हवं होतं. महाराष्ट्राची हद्द लागली तेव्हा कुठं तुम्ही मला सांगितलंत की ती फुलं कशात घालतात. तोवर मी त्या मुळांना अर्धा देश पाणी पाजत आणलं होतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि तुमचे खांदे हसण्यानं हलत होते. मी कराड येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही.

पहिल्या वर्षी तो वेल कमरेएवढा झाला आणि थांबला. कृषी केंद्रातल्या माणसानं हे नावही ऐकलं नव्हतं. तुम्ही मोबाईलवर वाचत बसायचात आणि जेवताना मला सांगायचात: याला कडक हिवाळा लागतो, मुळं गारठून झोपावी लागतात. मग लांबलचक दिवस लागतो. आपल्याकडं उन्हाळ्यातसुद्धा दिवस तिथल्याएवढा लांबत नाही, म्हणून वेल फसतो आणि वाढायच्या आधीच फुलायला बघतो. हे कळल्यावर तुम्ही त्याच्यासाठी हिवाळाही केलात आणि दिवसही. हिवाळा आपल्या फ्रिजात. दिवस परसात, बल्बांचा. शिमग्याच्या आधीपासून रोज अंधार पडायच्या सुमाराला मागच्या दारी बल्बांची माळ लागायची आणि जेवणं होईपर्यंत चालू असायची. औंधला जाणारे-येणारे रस्त्यावर थांबून विचारायचे, सुभेदारांच्या घरी कुणाचं लगीन हाय?

तुम्ही म्हणायचात, "आवं, येलाचं."

तिसऱ्या वर्षी तो पत्र्याच्या वर गेला आणि त्याला फुलं आली. हिरव्या खवल्यांची, बोराएवढी, हातात घेतली तर कागदासारखी हलकी. ओंजळभरच. एक फूल चुरडून तुम्ही माझ्या नाकाशी धरलंत. तुमच्या बोटांना पिवळी भुकटी लागली होती. संत्र्याची साल आणि कडुनिंबाचा पाला एकत्र चुरगळावा तसा तो वास. मी म्हटलं, वास चांगला आहे, काम वाईट आहे. तुम्ही म्हणालात, "बाई, निम्मा मार्क तरी दिला म्हणायचा."

सगळा गाव मला शाळेमुळं बाई म्हणतो. तुम्हीही तेच म्हणत राहिलात, आणि तुमच्या तोंडी त्या एका शब्दात काय काय असायचं ते गावाला कधी कळलं नाही.

आपलं भांडण कधी आवाज चढवून झालं नाही. ते रोजच्या जेवणात मिठासारखं असायचं. तुमचं म्हणणं होतं की आपला ऊस कारखान्याला जातो, त्याच्या मळीची दारू होते, आणि त्या उसावर आपलं घर चाललंय. मग वेलानंच काय पाप केलं. मगदूम आण्णा आले की ते तुमची बाजू घ्यायचे. कॉलेजात असताना कराडला तुम्ही दोघं एका खोलीत राहिलेले. ते तासगावकडचे, द्राक्षबागायतदार, जैन. आयुष्यात थेंब घेतलेला नाही, दिवस मावळल्यावर जेवणसुद्धा नाही. ते म्हणायचे, "वहिनी, द्राक्षाची बी दारू हुती. म्हणून काय मी बाग तोडू?"

मी दोघांनाही एकच विचारायचे. उसाची साखर होते, गूळ होतो. द्राक्षं पोरं खातात, त्यांचा बेदाणा होतो. या वेलाचं बिअरशिवाय दुसरं काय होतं ते सांगा.

यावर मगदूम आण्णा चहाचा कप उचलायचे आणि तुम्ही म्हणायचात, बघू, सांगतो. संक्रांतीनंतर आपलं हे शेवटचं बोलणं झालं. तुम्ही पायऱ्यांवरनं उठून जुन्या आळ्यांवर पाचट पसरायला निघाला होतात. तुम्ही म्हणालात, सांगतो. त्यानंतर कराडच्या दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यात तुम्ही फक्त माझा हात धरला होता, आणि मी तुम्हाला काही विचारलं नाही.

तुमचं सगळं कार्य झालं आणि पाहुणे गेले. आपला अमित मला सांगलीला चल म्हणत होता. त्याची बायकोही मनापासून म्हणत होती, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, उन्हाळ्यात बघू. तो नोकरीवर परत गेला, आणि त्याच आठवड्यात फाट्यावरच्या बबननं आपल्या हॉटेलाला परमिट रूम जोडायचं ठरवलं. त्यासाठी त्याला ग्रामसभेचा ठराव हवा होता. तुम्ही असतानाही त्यानं एकदा तसं बोलून बघितलं होतं, तेव्हा आम्ही बायका नुसत्या त्याच्या हॉटेलासमोर जाऊन उभ्या राहिलो होतो. या वेळी त्यानं डोकं चालवलं. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं तुमच्या-माझ्या परसाचा मागच्या वर्षीचा फोटो टाकला. वेल पत्र्यावर चढलेला, बल्ब लागलेले, आणि तुम्ही खाली हात मागे बांधून उभे. खाली लिहिलं होतं, दारूबंदीवाल्या बाईंच्या घरची बिअर.

तुमचा तो फोटो माझ्याकडं नव्हता. चांगला आला आहे. मी आधी तो माझ्या मोबाईलवर ठेवून घेतला आणि मग मला राग आला.

रात्रीच्या जेवणाआधी अमितचा फोन आला. फोटो सांगलीपर्यंत पोचला होता. तो म्हणाला, आई, ग्रामसभेच्या आत तो वेल उपटून टाक, म्हणजे त्यांच्या हातात काही राहणार नाही. आण्णा असते तर तुझ्यासाठी त्यांनीच उपटला असता. बबनवर आला नव्हता एवढा राग मला आपल्या मुलावर आला. तो माझ्या भल्याचंच बोलत होता, हे कळूनसुद्धा आला. तुम्ही काय केलं असतं हे यापुढं मला ज्यानं त्यानं सांगायचं, हे मला चालणार नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "तुझे आण्णा नाहीत. मी आहे. मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी मागच्या पायरीवर बसले. समोर वेल असा काही नव्हताच. तुम्ही थंडीत तो जमिनीलगत कापलेला. नुसती आळी, त्यावर पाचट आणि उभे खांब. मनात दोन्ही बाजू मांडून बघितल्या. उपटला तर बायकांना सोपं जाईल, हे खरं होतं. पण उपटला म्हणजे त्यात लाजण्यासारखं काहीतरी होतं असं मी माझ्या हातानं कबूल केल्यासारखं झालं असतं. तुम्ही उघड्या परसात, बल्ब लावून, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत तो वाढवलात. मी तुमच्याशी भांडले तेही उघडच भांडले. आता तुमच्या माघारी मी तो गुपचूप काढून टाकायचा, हे आपल्या दोघांनाही शोभलं नसतं.

मग मी उठले आणि पाचट बाजूला केलं. खाली फुटवे वर आले होते. जांभळट, टोकदार, बोटाएवढे. तुम्ही गेलात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथं बसूनच रडले. चूळ भरली आणि मगदूम आण्णांना फोन केला.

ते दोन दिवसांनी तासगावहून तार, काथ्या आणि पक्कड घेऊन आले. खांब हलवून बघितले, वरची तार ताणली, तिच्यावरनं काथ्याच्या दोऱ्या खाली सोडून खुंट्यांना बांधल्या. मी आळी खुरपली, शेणखत घातलं, फ्रिजमधली मुळं कुंड्यांत लावली. गुडघे दुखत होते, पण दुखऱ्या गुडघ्यांनी मी शाळेत कितीतरी वर्षं उभी राहिलेय. प्रश्न पडला तो फुटव्यांचा. एकेका आळ्यात वीत-वीत उंचीचे एवढे फुटवे की मोजावेत तरी किती. मला सगळेच ठेवायचे होते. तुमच्या हातचं जे जमिनीतनं आलं ते मी कसं कापणार?

मगदूम आण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "द्राक्षाला करतो त्येच करायचं, वहिनी. दोरीला दोन-तीन ठेवायचं, बाकी काढायचं. दया आली की मांडव गेला म्हणून समजा."

मी विळा घेतला आणि विरळणी केली. पहिले चार-पाच एकेक करून, थांबत थांबत कापले. नंतर हरभऱ्याचे शेंडे खुडावेत तसा हात चालायला लागला. राहिलेले फुटवे दोरीला लावून दिले. मी ते माझ्या सवयीनं डावीकडनं गुंडाळले. सकाळी बघते तर सगळे सुटून लोंबत होते. ते उलट्या बाजूनं गुंडाळले, तेव्हा धरून राहिले. हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती, कारण मी कधी हात लावला नव्हता.

विरळणीच्याच दिवशी दुपारी पुण्याच्या सान्यांचा फोन आला. त्यांना तुमची बातमी उशिरा कळली होती. हा चाळिशीतला माणूस नोकरी सोडून परवाना काढून छोट्या प्रमाणावर बिअर करतो, तुमचा वेल बघायला गाडी घेऊन आला होता, आणि पुढच्या वर्षीची फुलं तुला असा शब्द तुम्ही त्याला माझ्यासमोर दिला होता. ते फुलांबद्दल काही बोलले नाहीत. तुमच्याबद्दलच बोलले, आणि मध्येच थांबले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विरळणीचं सांगितलं. तर ते म्हणाले, कापलेले फुटवे टाकू नका, परदेशात लोक या भाजीसाठी वर्षभर थांबतात, ती फक्त याच दिवसांत मिळते.

मी टोपलीकडं बघितलं. ढीगभर कोवळे शेंडे पडले होते.

तिकडं ती लोणी घालून करतात म्हणे. मी भिजवलेली मूगडाळ, मिरची आणि लसूण घालून केली. मगदूम आण्णांची बिनलसणाची वेगळी काढली. कंदमुळं न खाणारा माणूस तो, ताटाकडं बघून त्यांनी आधी विचारलं, "जमिनीच्या वर आल्यालं हाय न्हवं?" मी म्हटलं, वरचंच आहे, तुमच्यासमोर कापलं. दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं जेवायला बसलो. पहिला घास हरभऱ्याच्या पाल्यासारखा लागला, आणि गिळताना मागनं मेथीचा कडूपणा आला. मगदूम आण्णांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. ही भाजी खाऊन तुम्ही काय केलं असतंत ते आम्हाला दोघांनाही दिसत होतं. तुम्ही ताट बाजूला सरकवून माझ्याकडं बोट केलं असतंत.

दुसरं काय होतं त्याचं, हे मी तुम्हाला चार वर्षं विचारत होते. उत्तर परसातच होतं आणि ते माझ्याच कढईत शिजलं. तुमची बाजू तुमच्या माघारी मलाच मांडावी लागली, याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही ते खाल्लं नाहीत, याचं वाटतं. दर वर्षी तुम्ही ते शेंडे कापून गोठ्यात टाकत होतात.

शालन दोन दिवसांनी आली. फोटो तिनंही बघितला होता आणि ती फार दिवस घराकडं फिरकली नव्हती, तेव्हाच मी समजले होते की तिला ते लागलंय. ती परसात गेली, दोऱ्यांवर गुडघ्याएवढे चढलेले वेल बघितले, आणि विचारलं की फ्रिजातली मुळं ती हीच का. मी म्हटलं, हीच. मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. लाहौल, रेल्वे, बल्ब, आपलं भांडण, सान्यांना दिलेला शब्द, भाजी. सकाळची भाजी शिल्लक होती, ती वाटीत घालून तिच्यासमोर ठेवली.

तिनं वाटीला हात लावला नाही. वेलाकडं बघत म्हणाली, "मी खानार न्हाई, बाई. मला जमायचं न्हाई. पर तुमी उपटा असं बी मी म्हननार न्हाई. सुभेदारांनी माझ्या घरला कवा खाली मान घालाय लावली न्हाई."

तिच्या नवऱ्याला गटारीतनं उचलून घरी आणणारे तुम्ही होतात, हे मला माहीत होतं. किती वेळा, ते तिनं त्या दिवशी सांगितलं. तुम्ही मला कधीच सांगितलं नव्हतं. मी मंडळात त्या माणसाचं नाव घेऊन भाषणं करत होते आणि तुम्ही त्याचे पाय धुऊन त्याला बाजेवर निजवून येत होतात. यावर मला तुमच्याशी खूप बोलायचं होतं. अजून आहे.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. ज्वारीच्या काढणीचे दिवस, बायका वावरातनं तशाच आल्या होत्या, डोईला पदर गुंडाळलेला, हात खरबरीत. बबनचा ठराव वाचून दाखवला. त्याच्या बाजूनं दोघं बोलले की गावाला उत्पन्न होईल, फाट्याला वर्दळ वाढेल. मग बबन उठला आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाला की आमच्या दुकानाला अडवणाऱ्यांनी आधी आपल्या परसात काय लावलंय ते सभेला सांगावं. लोक हसले. हसणाऱ्यांत माझे विद्यार्थीही होते.

तुम्ही गेल्यापासून मी चारचौघांत उभी राहिले नव्हते. उठताना शालननं माझ्या कोपराला आधार दिला. शाळेत मी सगळी वर्षं पुस्तकी बोलले. त्या दिवशी ती भाषा तोंडात आली नाही.

"माझ्या दारात येल हाय," मी म्हटलं. "बिअरीचाच हाय. आमच्या मालकांनी लावला, आता मी वाढवती. त्यांच्यासंगं मी त्याच्यावरनं भांडले, ते बी समद्या गावाला ठावं हाय. ज्याला बघायचा त्यानं उद्या या, दार उघडं हाय. पर माझ्या दारात येल हाय, दुकान न्हाई. बबनला दुकान काढायचंय. त्याला मी आज बी न्हाई म्हनती."

मागच्या रांगेतनं एका म्हाताऱ्यानं विचारलं की बाई, फुलं आली मग काय करणार. हा प्रश्न खरा होता, आणि त्यानं तो खोचकपणे विचारला नव्हता. मी म्हटलं, अजून कळीसुद्धा नाही. आली की काय करते ते याच पटांगणात सांगेन. आता कुणी हसलं नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा शालनचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला आणि मग ज्वारीच्या धुळीनं भरलेले हात माझ्या मागं वर होत गेले. ठराव पडला. बबन पुन्हा आणेल. आणू दे.

अमितला कुणीतरी सभेचा व्हिडिओ पाठवला होता. त्यानं फोन केला, जेवलीस का विचारलं. मग म्हणाला, रविवारी येतो, वरची तार ढिली झाली असेल तर ओढून देतो. मी म्हटलं, ये.

सान्यांचं राहिलं होतं. त्यांनाही मी बोलावून घेतलं, कारण तुमचा शब्द आता माझ्यावर होता. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. फुलं दिली तर ज्या पटांगणात उभी राहिले त्या पटांगणात मी पुन्हा कोणत्या तोंडानं उभी राहणार? नाही दिली तर तुम्ही शब्द मोडलात असं होणार, आणि तुम्ही कुणाला दिलेला शब्द मोडल्याचं मला माहीत नाही. शेवटी मी त्यांना मागच्या पायरीवर बसवून सांगितलं की मालकांनी शब्द दिला तेव्हा फुलं त्यांची होती, आता माझी आहेत, आणि ती बिअरला जाणार नाहीत. पण मुळं मालकांनी आणली होती आणि ती कुणी मागितली तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. मी कुंड्यांतली निम्मी रोपं त्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, तुमच्या दारात लावा, तुमच्या हातानं वाढवा, मग त्या फुलांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

त्यांनी घासाघीस केली नाही. गाडीच्या मागच्या सीटवर गोणपाट अंथरून ते ओलं केलं आणि एकेक कुंडी अशी ठेवली की तुम्ही बघितली असतीत तर तुम्हाला बरं वाटलं असतं. तुमचा शब्द मी मोडला नाही, वाकवला. एवढाच मला वाकवता आला. तुम्हाला हे मान्य नसेल, तर ते भांडण मी उभं ठेवलंय.

गुढीपाडवा होऊन गेला. आपल्या घरी यंदा गुढी नव्हती. वेल माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि पानं हाताच्या पंजाएवढी झालीत. बल्ब रोज संध्याकाळी मीच लावते. खरी परीक्षा यापुढं आहे, वैशाखाच्या उन्हात. पहिल्या वर्षी कमरेएवढा होऊन तो पुढं उन्हानंच करपला होता. मगदूम आण्णा म्हणतात, बागेवरचं जुनं हिरवं कापड आहे, ते वरनं ओढलं तर तगेल. ते आणून देतो म्हणत होते, मी म्हटलं मी येते.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, आणि तुम्हालाही त्यावर काही म्हटलं नव्हतं. लाहौलच्या त्या वावरात तुम्ही मुळं गोळा करत होतात तेव्हा मी वैतागून विचारलं होतं, की एवढ्या डोंगरात तुम्हाला दुसरं काही न्यायला मिळालं नाही का. तुम्ही मान वर न करता म्हणालात की हिवाळाभर इथं पांढऱ्याशिवाय काही दिसायचं नाही, आणि बर्फ वितळला की त्यातनं पहिलं वर यायचं ते हेच. मग कळायचं की आता घाट उघडणार. पत्रं येणार. रजा सुटणार.

मी विचारलं, आणि रजेत काय करायचात?

"तुझ्याशी भांडायला यायचो," तुम्ही म्हणालात.

त्या वेळी तो म्हातारा चहा घेऊन आला आणि आपण दुसरं बोलायला लागलो. मला म्हणायचं होतं की दर वर्षी त्याच दिवसांत मी इकडं घर सारवून, रस्त्याकडं तोंड करून बसलेली असायचे.

पिशवीत पाण्याची बाटली आणि दोरी घेतली आहे. विट्यामार्गे तासगावची एसटी सकाळचीच आहे, तिला निघते. कापड आजच आणायचं आणि उद्या ऊन चढायच्या आत वर ओढायचं आहे.